पाठ कुठं लागली?

सकाळी फिरायला निघालो तर रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या. पहाटेच्या कापसाच्या गाड्या गेल्या असणार. गाडी शीग लावून भरलेली, बाभळीची फांदी खाली झुकलेली. जाता जाता काटे मूठमूठ कापूस ओढून घेतात, आणि मग आठ-पंधरा दिवस ते झाड आपणच पिकल्यासारखं मिरवतं. आमच्या वऱ्हाडात दिवाळी झाली की हे दिवस येतात. हवेत सरकीचा तेलकट वास, नाकात तंतू, उन्हाची धार गेलेली, आणि माणसांच्या अंगात उगीचच तरतरी. या दिवसांत माझे हात शिवशिवायला लागतात. मी आरशापुढं उभा राहतो. डावा पाय पुढं, हनुवटी खाली, मुठी वळलेल्या. बायको दारातून म्हणते, "झालं का सुरू?"

काय करू? मी एकेकाळी अकोल्याच्या एका नामांकित पहिलवानाला चारशे माणसांसमोर हरवलेलं आहे. हे वाक्य अक्षरशः खरं आहे. त्यातली लबाडी पुढं येईलच.

मध्यप्रांत-वऱ्हाडाचे ते दिवस. मी अमरावतीला कॉलेजात होतो. घर अकोल्यापासून तीन कोसांवर. आम्ही माळी. मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर झेंडू, कडेला थोडा कापूस. माझा मोठा भाऊ नारायण, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चौथीत त्यानं शाळा सोडली. मी मात्र शिकत गेलो, शिकत गेलो, आणि कुणी थांबवत नाही म्हणून आणखी शिकत गेलो. दादा भाजीची गाडी घेऊन अकोल्याला जायचा, येताना करीम वस्तादांच्या आखाड्यात घाम गाळायचा. छाती अशी, की बनियन घातलं तरी उघडाच वाटे. मी शहाणा होतो आणि हडकुळा होतो. सुट्टीत घरी गेलो की त्याच्या ताटातली भाकर उचलून, वर त्यालाच इंग्रजी शब्द शिकवायचो. हे आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

अमरावतीत तेव्हा तालमींचं वारं होतं. जिकडं पाहावं तिकडं दंड, जोर, मलखांब. त्यात आमच्या वसतिगृहात पुण्याहून लिमये नावाचा मुलगा आला. हा मुष्टियुद्ध शिकून आलेला. एका सायंकाळी मैदानावर त्यानं हवेत चार ठोसे मारून दाखवले, फू फू करत नाचून दाखवलं, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. माझ्या डोक्यात वीज चमकली की दुसऱ्याच्या घराला आग लागते, हा अनुभव नंतरचा. आठ दिवसांत मी नाटक लिहून काढलं. तीन अंक. नाव ‘मुष्टिबंधु’. निवृत्त हवालदार बाप, त्याचे दोन मुलगे. बापाचा जीव थोरल्यावर, धाकट्याला तो नेभळट म्हणतो. शेवटी दोघे भाऊ समोरासमोर उभे राहतात, धाकटा थोरल्याला लोळवतो, पंच दहा अंक मोजतो, बाप धावत येऊन दोघांना छातीशी धरतो, पडदा. धाकटा अर्थात मी. लेखक मी, दिग्दर्शक मी. मला तालीम देणारा, बाप आणि पंच, असा तिहेरी लिमये. मिशी लावली की बाप, मिशी काढली की पंच. शेवटच्या प्रवेशात बाप आणि पंच दोघेही रंगमंचावर लागतात, हे लेखकाच्या लक्षात पहिल्या प्रयोगाच्या दिवशी आलं.

तो पहिला प्रयोग अमरावतीला, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. थोरल्याचं काम करणारा आमच्याच खोलीतला मुलगा इतका भित्रा, की मी हात उगारायच्या आधीच तो धाडकन पडला. मी उगारलेला हात तसाच घेऊन उभा. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, वारं लागलं त्याले!" सगळं सभागृह लोटपोट. लिमये एका हातात मिशी धरून अंक मोजत होता. सहापर्यंत पोचला आणि त्यालाही हसू आवरेना.

दुसरा कुणी असता तर नाटक जाळून टाकलं असतं. मला वाटलं, नाटक उत्तम आहे, फक्त थोरला भाऊ बदलला पाहिजे. आणि थोरला भाऊ माझ्या घरीच होता!

सुट्टी लागताच लिमयेला घेऊन गाव गाठलं. वाटेभर कापसाच्या गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घुंगरांचा आवाज, गाडीवानांची एकमेकांना शिव्यांची देवघेव. पुण्याचा लिमये दचकून विचारी, "हे भांडतायत का?" मी म्हणे, "छे! रामराम करून राहिले." घरी पोचलो तेव्हा दादा मळ्यात वांगी तोडत होता.

"दादा, नाटकात काम करतो का?"

"कायचं?"

"मारामारीचं."

"कोनासंग?"

"माझ्यासंग."

दादानं पाटी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मरशीन ना बे."

"अरे, नाटकातली मारामारी! लागत नाही. हे बघ." मी पिशवीतून हातमोजे काढले. अस्सल मुष्टियुद्धाचे मोजे कुठून आणणार? अमरावतीच्या पिंजाऱ्याकडून लाल मांजरपाटात नवा कापूस कोंबून शिवून घेतले होते. त्यानं जन्मभर गाद्या आणि लोडच शिवलेले. दादानं एक मोजा हातात घालून फिरवून पाहिला.

"उशी हाय का हे?"

"हातमोजा आहे."

"थंडी वाजून राहिली का तुले?"

लिमये हसला. दादाही हसला. मग हसता हसता त्यानं एकच गोष्ट विचारली. "हारते कोन?"

इथं जरा थांबून सांगायला हवं. कुस्तीत माणूस पोटावर पडला तर तो हरत नाही. संध्याकाळपर्यंत पालथा पडून राहा, पंच ब्र काढणार नाही. दोन्ही खांदे, पाठ, जमिनीला लागली की संपलं. आणि करीम वस्तादांचा एक नियम होता, तो ते नव्या पोराच्या हातात आखाड्यातली माती देऊन वदवून घेत: चार माणसांत पाठ लागली तं लागली, आपून लावून द्यायची नाई. आदल्या वर्षी त्यांच्या एका चांगल्या गड्यानं जत्रेत ठरवून पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी त्याचा लंगोट आखाड्याच्या दाराबाहेर टांगला. तो गडी पुन्हा कधी आत आला नाही. दादाला आखाडा म्हणजे काय होता, हे मला ठाऊक होतं. दिवसभर तो भाजीवाला असे. तिथं घटकाभर तो नारायण असे.

"सांग ना, हारते कोन?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "बरोबरीत सुटते."

एवढं खोटं मी इतक्या सहज बोललो, की लिमयेनं माझ्याकडं वळून पाहिलं. मला वाटलं, पुढं सांगू. आधी त्याला गोडी तर लागू दे. आणि संहितेतलं शेवटचं पान काढून मी खिशात ठेवलं. तालमी त्या पानाच्या अलीकडेच थांबत.

काय सुंदर तालमी होत्या त्या! मळ्यात, विहिरीच्या थारोळ्याजवळ. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे. पहिल्याच ठोशात दादानं मला कापसाच्या ढिगात उडवलं. मी तिथून ओरडलो, "हळू! अभिनय कर, अभिनय!" दादा बिचारा कानकोंडा झाला. मोठी वाक्यं त्याच्या तोंडात बसत नसत. मी लिहिलं होतं, "बंधो! तुझ्या उत्कर्षास्तव मी माझी काया झिजविली!" दादा म्हणे, "झिजली कोठं? हे पाह्य ना, केवढी हाय." लिमये कळवळून सांगे, "अहो नारायणराव, चेहऱ्यावर काही तरी उमटू द्या!" तर उत्तर येई, "चेहरा हाये तेवढाच हाय, भाऊ." पायांचं मात्र त्याला एकदा दाखवलं की पुरे. डावा, उजवा, झुकणं, हुकवणं. आठ दिवसांत तो लिमयेपेक्षा हलका नाचायला लागला. संध्याकाळी आई हाक मारी तेव्हा आम्ही तिघे घामाघूम, कापसाचे तंतू चिकटलेले, तीन म्हातारे दिसायचो. रोज मनाशी म्हणे, उद्या दादाला खरं सांगायचं. आता वाटतं, ते दिवस इतके छान होते म्हणूनच सांगवलं नाही. की मी भित्रा होतो म्हणून? दोन्ही असेल. भित्र्या माणसाला आनंदाची सबब फार बरी सापडते.

प्रयोग ठरला अकोल्याला, एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात. रविवारी जिन बंद असे. कापसाच्या आवारात दिवा-बत्तीला सक्त मनाई, म्हणून आमचं नाटक भर दुपारी, लख्ख उन्हात. दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी एकाला एक लावून त्यावर फळ्या टाकल्या, झाला रंगमंच. पाय टाकला की किंचित दबे. पडद्याऐवजी घोंगड्या. माणसं किती यावीत? आमचा सगळा गाव बैलगाड्यांतून आलेला, जिनातले कामगार, बाजारातल्या भाजीवाल्या, आणि आखाड्यातले झाडून सगळे पहिलवान. पुढच्या रांगेत मधोमध, हातात काठी, पांढरी दाढी, करीम वस्ताद. ते येतील असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. घोंगडीच्या फटीतून त्यांना पाहिलं आणि हात खिशातल्या त्या शेवटच्या पानावर गेला.

दोन अंक बरे गेले म्हणायचे. अभिनय अभिनय म्हणतात तो मी इतका केला, की पहिल्या अंकातच घसा बसला. दादा आपलं बोलणं भाजीचा दर सांगावा तसं सांगून मोकळा होई. तिसऱ्या अंकाआधी घोंगडीमागं आम्ही दोघेच होतो. तो मोजे बांधत होता. सांगायला हवं होतं, आणि खरं सांगतो, सद्बुद्धीनं नाही सांगितलं. भीतीनं सांगितलं. शेवट ठाऊक नसताना याच्या अंगावर गेलो तर हा मला अकोल्यातून थेट बाळापुरात टाकील, ही भीती.

"दादा, शेवटी तू पडतोस. लिमये दहा मोजतो. मी जिंकतो."

दादाचं गाठ मारणं थांबलं.

"बरोबरीत सुटते म्हणला व्हता ना तू?"

"हो."

"मंग मांगंच काहून नाई सांगतलं?"

"तू आला नसता."

"नसतोच आलो," दादा म्हणाला. त्यानं फटीतून बाहेर पाहिलं. वस्तादांची काठी दिसत होती. तेवढ्यात लिमयेनं लोखंडी रुळाचा तुकडा ठणठण वाजवला आणि दादा वर गेला. मागोमाग मी.

पुढं जे झालं ते आजही डोळे मिटले की तसंच्या तसं दिसतं. ऊन, फळ्या, उडणारे तंतू, चारशे तोंडं. दादानं आता म्हणायचं होतं, बंधो, तुझ्या उत्कर्षास्तव वगैरे. तो माझ्यासमोर उभा राहिला. मोजे खाली. लिमये आतून कुजबुजला, "बंधो… बंधो…"

"बाबू," दादा म्हणाला, "नदीले पूर आला की तुले खांद्यावर बसवून शाळेत कोन नेत व्हतं?"

हे माझ्या नाटकात नव्हतं.

"सांग ना. कोन नेत व्हतं?"

"तू," मी म्हणालो.

"मंग मले खोटं काहून सांगतलं?"

आवाज चढवलेला नाही, छाती पिटलेली नाही. बाजारात एखाद्याला बाजूला घेऊन विचारावं तसं. आवारात असं शांत झालं, की पलीकडच्या बैलांचं रवंथ ऐकू यावं. एक भाजीवाली पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अवं माय, काय करून राहिला हा!" मागून कुणी "वा रे नारान!" म्हणालं. त्यांना वाटलं, काय काम करतो! आणि मी? मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एकही वाक्य आठवेना. पुढं आयुष्यात मी खूप नाटकं पाहिली, मोठमोठ्या नटांना टाळ्या दिल्या. अभिनयावर मित्रांशी तासन्‌तास वाद घातले. त्या वादांत मी नेहमी कुठंतरी गप्प होतो, ती जागा ही. त्या दुपारी मी भावाचं काम करत होतो; दादा भाऊ होता.

ठण! झुंज सुरू. आणि काय झुंज! आम्ही दोघं गोल फिरलो, फळ्या दबल्या, दादाचे ठोसे माझ्या कानाजवळून वारं घालत गेले आणि एकही लागला नाही. माझे त्याला दणादण लागत होते, उशी आपटावी तसे. पब्लिक उभं राहिलं. मी बेभान झालो. मला खरंच वाटायला लागलं की मी जिंकतोय! शेवटी मी डोळे मिटून उजवा हात फिरवला. दादा पडला.

पालथा पडला. पोटावर, हात पसरून.

मला लगेच कळलं. त्यानं मधली वाट काढली होती. नाटकही पुरं, वस्तादांना दिलेला शब्दही शाबूत. मनातल्या मनात मी त्याचे पाय धरले. लिमये धावत आला, "एक! दोन! तीन!" दहा झाले. त्यानं माझा हात वर केला.

टाळ्या नाहीत.

"अबे, पाठ कोठं लागली?" पहिलवानांतून आवाज आला.

"हो ना! पालथा हाय तो!"

"ऊठ रे नारान! सुरू हाय अजून!"

लिमये पुढं झाला. "मंडळी, मुष्टियुद्धात पाठीचा संबंध नसतो. दहा अंक मोजले की निकाल लागतो."

"कायले मोजले पण? त्याले का गिनती येत नाई?"

"अहो, तसा नियमच आहे!"

"पुण्यात असीन! अथी पाठ पायजे!"

सगळं आवार हसू लागलं, ओरडू लागलं. पुढं बापाचा प्रवेश होता, तो सुरूच होईना. आणि तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा केला. खाली वाकलो आणि दादाला उलथा करायला लागलो. उशीएवढे मोजे घालून! खांद्याखाली हात घालावा तर मोजा जाईना. कंबर धरावी तर हात निसटे. एकदा मीच त्याच्यावरून पलीकडं गडगडलो. लोक इतके हसले, की आखाड्यातली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी पुन्हा धरलं. घाम, तंतू, डोळ्यांत पाणी. अडीच मणाचा माणूस तीळभर हलला नाही. मी रडायच्या बेतात आलो होतो, हेही लिहूनच टाकतो.

खालून दादाचा आवाज आला, मला एकट्याला ऐकू येईल एवढा. "सर बाजूले."

मी सरलो. दादानं एक हात फळीवर टेकला. आणि सावकाश, कुणाचीही नजर चुकवता येणार नाही इतक्या सावकाश, तो उलटा झाला. आधी डावा खांदा. मग उजवा. मग सगळी पाठ फळ्यांना लावून, तोंड आभाळाकडं करून तो पडून राहिला.

हसणं असं तुटलं, जशी दोरी तुटावी. पहिलवानांतला एकही हलला नाही. त्या शांततेत वस्ताद उठले, काठी टेकत आवाराबाहेर गेले. मग टाळ्या झाल्या. खूप झाल्या. मी तीनदा वाकून त्या घेतल्या, हेही तुम्हाला कळायला हरकत नाही.

त्या संध्याकाळी घरी दादा माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, आणि तेच मला सोसेना. दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून तो आखाड्याकडं निघाला तसा मीही मागं लागलो. म्हटलं, वस्तादांचे पाय धरीन, सांगीन की लबाडी माझी. दाराबाहेर लंगोट टांगलेला दिसतो का, हे मी लांबूनच पाहत होतो. नव्हता. आत वस्ताद मातीत ताक शिंपडत होते. वर न पाहता त्यांनी विचारलं, "नारायण, पाठ लागली, का लावली?"

मी पुढं झालो. "वस्ताद, चूक माझी—"

"तुले कोन इचारून राहिलं बे?"

दादा म्हणाला, "ठरवलं त्यानं व्हतं, वस्ताद. मी तं हारलोच."

"कब हारा?"

दादाला बोलायचं म्हणजे एकेक शब्द जागेवरून ओढून काढावा लागे. "मी त्याले इचारलं, खोटं काहून सांगतलं. त्याच्या तोंडाकडं पायलं. तथीच हारलो. पाठ लागाची तेवढी रायली व्हती."

वस्तादांनी ताकाची चरवी खाली ठेवली. दादाकडं पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. माझे हात, माझी मान, माझा चष्मा.

"मतलब, मेरे नारायण को इसने हराया?"

"हो, वस्ताद."

"सच्ची में हराया?"

"सच्ची."

"तो फिर ये तो बडा पहिलवान हुआ!" वस्तादांची दाढी हलायला लागली, आणि मला कळायला वेळ लागला की ते हसतायत. "माझा गडी याच्याशी हारते, अन् हा आखाड्याच्या बाहीर राहाते? असं कसं चालीन? चष्मा काढ रे पोट्ट्या. उतर."

मी म्हणालो, मला कॉलेज आहे. वस्ताद म्हणाले, सुट्टी किती दिवस हाय? दादानं, माझ्या सख्ख्या भावानं, लगेच सांगून टाकलं, "चौदा दिवस."

मऊ, थंड, ताकाचा आंबूस वास असलेली माती होती. समोर दादा उभा. त्यानं वाकून चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली. पुढचं मला काही दिसलं नाही. आभाळ दिसलं. आभाळ चांगलं निळं होतं. भोवती सगळे पहिलवान टाळ्या पिटत होते आणि वस्ताद ओरडत होते, "हे पाह्य, याले म्हणते पाठ लागनं!"

मला मात्र का कुणास ठाऊक, हसू फुटत होतं. दादानं हात पुढं केला.

"ऊठ," तो म्हणाला. "तेरा दिवस रायले."